जांभळा घट

पाचव्या माळेला आमच्या देवघरातला घट जांभळा झाला, आणि दूधवाला यायच्या आत ते अख्ख्या गल्लीला कळलं. कळवलं आमच्या आत्तींनीच. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या पोटात साधी बातमी राहत नाही, ही तर देवीची होती.

मी केस पुसत बाहेर आले तर दारात चपलांचा ढीग. बायका एकमेकींच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. परडीतल्या मातीत पेरलेला गहू बोटभर वर आला होता, पण दरवर्षीसारखा पोपटी नव्हता. पिकल्या जांभळाच्या रंगाचा होता, बुंध्याशी तर काळाच.

"देवी जांभळं नेसली बघ ऋतुजा," आत्ती म्हणाल्या. "आजचा रंग जांभळाच हाय न्हवं का?"

नवरात्राच्या रंगांत त्या दिवशी पांढरा होता. पण तेवढं कोण बघतंय. कुणी नारळ पुढे केला, कुणी ओटी भरली, आणि आत्ती घट स्वतःच रंगवल्याच्या थाटात सगळ्यांना कुंकू लावत सुटल्या.

तो रंग माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. गेले दोन महिने मी रोज त्याच्यात उभी राहत होते, अंगात पांढरा झगा, हातांत मोजे आणि तोंडाला मास्क बांधून.

आमची गल्ली भट्टीमाळाला लागून आहे. मी लहान असताना ई-रिक्षांचं आणि इन्व्हर्टरचं पेव फुटलं होतं. त्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या ट्रक भरभरून माळावर यायच्या, तिथे फोडल्या जायच्या आणि आतलं शिसं भट्टीत वितळवून पुन्हा विकलं जायचं. 'जयविजय मेटल' असं कारखान्याचं नाव. पुढे वेगळ्या बॅटऱ्या आल्या, कारखाना बंद पडला, मालक कुठे गेला ते त्याचं त्याला ठाऊक. शिसं मात्र कुठेही गेलं नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही, मातीत पडलं की पडून राहतं. माळाला भिंत घातली, पाट्या लावल्या, आणि शहर वाढून माळाला टेकलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की इतकी मोक्याची जागा उगाच पडून आहे.

विषारी माती खरवडून दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन टाकायची, हा जुना उपाय. नवा उपाय म्हणजे दर्शक गहू. आम्हाला शिकवायला आलेल्या डॉक्टर शिरीन मुजावर, आमच्या मुजावर मॅडम, यांनी पहिल्या दिवशी तो समजावून सांगितला. शिसं मातीच्या कणांना घट्ट चिकटून असतं आणि साध्या झाडाचं मूळ त्याला फारसं आत घेत नाही. या गव्हाची मुळं एक आंबट रस सोडतात. त्यानं शिसं सुटतं आणि मुळावाटे वर चढतं. रोपाच्या पेशीत एक बारीकशी पिशवी असते, तिथे ते कोंडलं जातं, म्हणून रोप मरत नाही. आणि शिसं आत शिरलं की एरवी झोपलेलं एक जनुक जागं होतं. जांभळाच्या आणि वांग्याच्या सालीत असतो तोच रंग मग पानात उतरतो. शिसं जितकं जास्त, तितका रंग गडद. पीक कापायचं, बंद भट्टीत जाळायचं, राखेतून शिसं काढून घ्यायचं आणि पुन्हा पेरायचं. पीक हिरवं यायला लागलं की माती सुधारली.

हे काम वस्तीतल्याच माणसांनी करायचं, अशी योजनेची अट होती. म्हणून प्रशिक्षण. मी तोवर घरी बसून नगावर गाऊन शिवत होते. माझा नवरा अजिंक्य हुबळीला ट्रकवर, दिवाळीशिवाय तोंड दिसत नाही. वर्ग सुरू झाला आणि पहिल्यांदाच मला सकाळी उठून कुठेतरी जायचं असायचं. झगा चढवायचा कसा आणि बाहेरची बाजू अंगाला न लावता उतरवायचा कसा, मातीचा नमुना किती खोलीवरून घ्यायचा, वारा असताना कुठे उभं राहायचं, हे सगळं मी शिकले. आणि मला ते चांगलं यायला लागलं. हे स्वतःबद्दल म्हणताना मला आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. दसऱ्यानंतर आम्हा सगळ्यांना पक्की नेमणूक मिळणार होती.

एकच मेख होती. ज्याच्या रक्तात आधीच शिसं आहे त्याला हे काम देता येत नाही. पण रक्त तपासायचं ते दूषित हद्दीत राहणाऱ्यांचं, आणि आमची गल्ली भिंतीबाहेर. रस्त्याच्या कडेची माती तपासून तिला स्वच्छ ठरवून टाकलं होतं. घरांमागच्या परसांत कुणी शिरलंच नव्हतं.

बायका गेल्यावर मी आत्तींना स्वयंपाकघरात गाठलं.

"आत्ती, घटात कुठला गहू घातला?"

"तुझा. त्या कप्प्यात पुडी हुती की."

वर्गात सरावाला बी मिळालं होतं. स्वच्छ माती भरलेली एक कुंडीही, घरी पेरून बघायला. उरलेलं बी परत द्यायचं होतं, ते माझ्याकडून आज-उद्या करत राहून गेलं.

"दुकानातला गहू उगवत न्हाई अलीकडं," आत्ती म्हणाल्या. "तुझा कसा टपोरा हुता. भिजवला, सगळ्यास्नी वाटला."

सगळ्यास्नी. आमच्या गल्लीत घटाचं बी आमच्या घरातून जातं. आत्तींच्या सासूच्या आधीपासून ही रीत आहे. शेत कुणालाच नाही, म्हणून माती मात्र ज्यानं त्यानं आपापल्या परसातली घ्यायची. म्हणजे न कळत आत्तींनी प्रत्येक घरी एकेक तपासणी यंत्र नेऊन बसवलं होतं, वर हळदकुंकू वाहून.

मी बाहेर पडले. कुणाकडे हळद मागायला, कुणाकडे पिन मागायला म्हणून प्रत्येक देवघरात डोकावले. जांभळा. फिका जांभळा. काळपट. एका घरी शेंड्याला जरासा हिरवा, बाकी जांभळा. सगळ्यांत गडद आमचाच.

परसात आले तेव्हा माझी मुलगी रेवा फतकल मारून बसली होती आणि काडीने माती उकरत होती. ती पहिलीत आहे. तिचं पोट वरचेवर दुखतं, आणि बाईंची तक्रार असते की काल येत होतं ते आज विसरते. आम्ही म्हणायचो, शाळा बुडवायची नाटकं. वर्गात मी स्वतः ऐकलं होतं, उत्तर पाठ करून सांगितलंही होतं. शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडांत जाऊन बसतं, मेंदूतल्या निरोपांची वाट अडवतं. मोठ्यांचे हात थरथरतात, तोल जातो, डोकं भडकतं. मुलांचं पोट दुखतं आणि शिकलेलं निसटतं. सगळं पाठ होतं. पण ते भिंतीच्या आतलं ज्ञान होतं, ते भिंत ओलांडून घरी आणायचं मला सुचलंच नाही.

मी रेवाला उचलून नळाखाली धरलं आणि तिची नखं इतकी घासली की ती रडायला लागली.

दुपारी पूर्वा आली. पूर्वा शेजारच्या घरातली, माझ्याच वर्गात. नवऱ्याला सोडून भावाकडे राहते आणि वहिनीचं तोंड बघून जेवते. आल्या आल्या तिने दार लोटून घेतलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग गप बस," ती म्हणाली. "दसरा होऊ दे, नेमणूक हातात पडू दे. मग काय बोंबलायचं ते बोंबल."

"आणि रेवा?"

"परसात फरशी घालून टाक. मी येते घालायला. वरनं झाकलं की उडत न्हाई, मॅडमनीच सांगितलंय." तिने माझा हात धरला. "ऋतू, मी खोली बघून आलेय. खिडकीतनं झाड दिसतंय. आता गल्ली दूषित ठरली तर आपलं रक्त काढतील, आणि रक्तात काय निघणार ते तुला माहीत हाय अन् मलाबी."

तिचं काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. फरशी घातली तर माझी पोर वाचत होती, नोकरी वाचत होती, पूर्वाची खोलीही. बाकीच्या परसांतली पोरं माझी नव्हती. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ तिथे टिकला, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी माळावर माझं कशात लक्ष लागेना. विळा मोज्यात अडकवून घेतला, पोत्याचं तोंड बांधायला विसरले. मॅडमनी मला सावलीत बोलावलं.

"मॅडम," मी म्हणाले, "समजा, हा गहू भिंतीबाहेर उगवला आणि जांभळा झाला. तर?"

"कुठे?"

"कुठंही. समजा म्हटलं."

मॅडमनी चष्मा काढून झग्याच्या बाहीला पुसायला घेतला, मग झगा आठवून थांबल्या. "तर तिथल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. मुलांचं आधी. मुलांच्या अंगातून शिसं काढणारी औषधं आहेत, पण त्याच मातीत राहून त्यांचा उपयोग नाही. आणि तिथल्या माणसाला इथे कामावर घेता येणार नाही. भरलेल्या घागरीत मी आणखी ओतू शकत नाही, ऋतुजा."

"आणि ते कोंब कुणी खाल्ले तर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कोण खाणार आहे?"

दसऱ्याला घट उठतात. कोंबांचे तुरे होतात, ते टोपीत, वेणीत, कानामागे खोवतात. गल्लीतली पोरं दिवसभर ते चघळत हिंडतात. मीही चघळले आहेत, गोडसर लागतात. मातीत विखुरलेलं शिसं वेचून, गोळा करून त्या गव्हाने प्रत्येक घरात एकेक जुडी तयार ठेवली होती, आणि ती प्रसाद म्हणून वाटली जाणार होती.

"मी आज विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण फार दिवस न विचारता राहता येणार नाही मला."

त्यानंतर मी घरात नुसती फेऱ्या मारत होते. आत्ती म्हणायच्या, अंगात आलंय का काय हिच्या. दर्शनाला येणारी बाई घटाला हात लावून तो हात कपाळाला लावायची आणि मी तिच्या मागे ओलं फडकं घेऊन. पूर्वा कुंपणापाशी उभी राहून मला खुणेने गप राहा म्हणायची. मी मान हलवायचे.

आठव्या माळेला मी माळ गुंफत बसले होते. वर बघितलं तर रेवा घटापाशी. तिच्या ओठांतून एक जांभळं पातं बाहेर लोंबत होतं.

मी माळ टाकली, तिचा जबडा धरला आणि दोन बोटं घालून तोंडातलं सगळं बाहेर काढलं. ती गुदमरली, किंचाळली. आत्ती धावत आल्या.

"अगं, देवीचा तुरा हाय! पोरीनं खाल्ला तर काय हुतंय?"

"विष हाय ते, आत्ती."

"तोंड सांभाळ."

"विष हाय. शिसं हाय त्यात. आपल्या परसातलं." मग मी थांबलेच नाही. गव्हाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, सगळ्या गल्लीतल्या घटांचं सांगितलं. रेवाच्या पोटाचं सांगितलं. आत्ती ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कठीण होत चालला होता.

"आपल्या परसातली माती ह्यांनी आणलेली हाय," त्या म्हणाल्या. ह्यांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणायचे. "परसात गुडघाभर पाणी साचायचं. भट्टीतली राख, खंगर, गाड्याच्या गाड्या आणून ह्यांनी सगळ्या गल्लीची परसं उंच केली. फुकट. लोक अजून नाव काढत्यात."

"म्हणूनच, आत्ती."

मामा जयविजयमध्ये भट्टीवर होते. त्यांचा फोटो आमच्या घरात आहे, पण स्वयंपाकघराच्या दारामागे, आणि आत्ती त्याला कधी हार घालत नाहीत. दारू पिऊन पिऊन मेला, एवढंच त्या बोलतात. शेवटी मामांना कपही धरता येत नव्हता, चालताना भिंत धरायचे, उगाच कुणाच्याही अंगावर जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बाहेर पडवीतच झोपायचे. आत्ती आत घ्यायच्या नाहीत.

"मोठ्या माणसाला काय हुतं म्हणालीस?" आत्तींनी विचारलं.

मला तेव्हा कळलं त्या कुठे पोचल्या ते, आणि मला सांगायचं नव्हतं. पण विचारल्यावर सांगावं लागलं. "हात थरथरतात."

"आणि?"

"तोल जातो. डोकं ताळ्यावर राहत नाही."

आत्ती खाली बसल्या. रेवा हुंदके देत त्यांच्या मांडीवर जाऊन बसली, त्यांनी तिला जवळ घेतलं, पण बघत होत्या स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"शपथ घ्यायचे गं," त्या म्हणाल्या. "ह्याच घटासमोर हात जोडून म्हणायचे, मंगल, थेंब घेतला न्हाई. मी तोंडाचा वास घ्यायची. वास नसायचा. मला वाटायचं, वास न येणारी घेत्यात."

मी रेवाच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवलं.

मग त्यांनी रेवाला खाली ठेवलं, डोळे पुसले आणि पदर खोचला. "पिशव्या हायत तुझ्याकडं? त्या तुमच्या?"

"आहेत. पण आत्ती, घट मोडायचा म्हणजे लोक काय म्हणतील?"

"माती ह्यांनी दिली, बी मी दिलं. मागायला मीच जाणार. तू नुसती धर."

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, 'समजा' न लावता. मग झगा चढवला, मोजे घातले. आत्तींनाही मास्क बांधला. देवीची क्षमा मागून त्यांनी पहिला घट आमचाच हलवला. मग आम्ही निघालो, पुढे हिरव्या नऊवारीत आत्ती आणि मागे पांढऱ्या झग्यात मी. कुणी दारातच भांडलं. कुणी म्हणालं, सुनेनं म्हातारीचं डोकं फिरवलं. एका घरातून आम्हाला अक्षरशः हाकललं. आत्ती जिथे वाद झाला तिथे उंबऱ्यावर बसायच्या आणि मामांचं सांगायच्या. वास नसायचा, तेही. ज्या गोष्टीची त्यांनी आयुष्यभर लाज बाळगली ती त्या दारोदार उघड करत होत्या. हाकललेल्या घरातली बाई शेवटी स्वतःच परडी घेऊन मागे आली.

पूर्वाचं दार बंद होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मला वाटलं, हिच्याशी आपलं आता संपलं.

दार उघडलं तेव्हा तिने झगा घातलेला होता, मोजेही. हातात परडी. डोळे सुजलेले.

"तुला मी माफ करणार न्हाई, ऋतू," ती म्हणाली. "पिशवी धर."

मग तीही आमच्यामागून चालू लागली आणि उरलेल्या घरांतली माती तिने अशी पुसून घेतली की कण खाली सांडला नाही.

मॅडम नवमीला आल्या, सोबत बोटाला टोचून तिथल्या तिथे आकडा दाखवणारं यंत्र. रेवाचा आकडा वाईट होता, पण औषधाच्या आवाक्यातला. मॅडमनी तीनदा तसं सांगितलं, मी चौथ्यांदा विचारलं. माझा आणि पूर्वाचाही मर्यादेबाहेर. आमची नावं कामावरून गेली. दुसऱ्या वस्तीतली माणसं येऊन आमची परसं पेरणार आणि पीक हिरवं यायला लागेपर्यंत आम्ही नदीपलीकडच्या तात्पुरत्या खोल्यांत राहणार. पूर्वाला तिथे एकटीला खोली मिळणार आहे, मात्र खिडकीतून समोरची भिंत दिसते. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. मला मातीला हात लावायला बंदी आहे. तोंडाला नाही, त्यामुळे नवीन तुकडी कशी वाकते आणि कशी चुकते ते मी हद्दीला बांधलेल्या फितीच्या अलीकडून ओरडून सांगणार आहे. मॅडम म्हणतात, त्याचंही काहीतरी बघू. बघतील तेव्हा बघतील. मला राग येतो, अजूनही येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

दसऱ्याला सामान बांधून झालं होतं. गल्लीत कुणाच्या कानामागे तुरा नव्हता. आत्ती रिकाम्या देवघरासमोर उगाच उभ्या होत्या.

मला खिडकीतली कुंडी आठवली. वर्गात मिळालेली, स्वच्छ मातीची. बी तेच, त्याच पुडीतलं. त्यातला गहू वीतभर वाढला होता आणि टोकापासून मुळापर्यंत हिरवागार होता. मी चार पाती खुडून त्यांच्या हातात दिली.

आत्तींनी ती उजेडाकडे धरून उलटसुलट नीट बघितली. मला वाटलं, देवीला वाहतील. त्या स्वयंपाकघरात गेल्या, दारामागचा फोटो काढला, पदराने काच पुसली आणि चौकटीच्या वरच्या कडेत, मामांच्या टोपीपाशी, तुरा खोवला.

रेवाने विचारलं, "आजी, हे कोण?"

"तुझे आजोबा," आत्ती म्हणाल्या. "दारू घेत नव्हते ते. कुणी म्हणालं तर सांगायचं."